उत्तर माहीत असलेला प्रश्न

एक लाख दोनशे अठ्ठावन्न. या आकड्यावर एके काळी कित्येक मशीन पास किंवा नापास झाल्या आहेत.

२०१२ च्या सुमाराला बिटकॉइनचं मायनिंग करणारी मंडळी ग्राफिक कार्डं सोडून एफपीजीए नावाच्या चिपकडे वळत होती. 'इकॅरस' हा त्यातला एक गाजलेला बोर्ड. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला की 'सीजीमायनर' हे सॉफ्टवेअर त्याला खरं काम देण्याआधी एक गणित घालायचं. गणित होतं १,७१,८७४ क्रमांकाच्या बिटकॉइन ब्लॉकचं. हा ब्लॉक कुणीतरी आधीच सोडवून त्याचं बक्षीस घेऊन गेलेलं होतं. उत्तर ठाऊक होतं: १,००,२५८. बोर्डाने साधारण अर्ध्या मिलिसेकंदात हेच उत्तर दिलं तर तो पास. भलतंच काही सांगितलं किंवा गप्प बसला, तर त्याला कामच मिळायचं नाही. कोडमध्ये या उत्तराला नाव होतं 'गोल्डन नॉन्स'.

आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची पद्धत होती. ते दगडावर टाकायचं आणि आवाज ऐकायचा. खऱ्या चांदीचा आवाज कसा येतो हे कानाला आधीच माहीत असतं, म्हणून खोटं नाणं ओळखू येतं. गोल्डन नॉन्स ही तशीच परीक्षा. फरक एवढाच की इथे नाण्याऐवजी टाकसाळच वाजवून बघायची होती.

या परीक्षेची ताकद काय आणि ती कुठे अपुरी पडते, हे बिटकॉइनच्या इतिहासातल्या तीन प्रसंगांतून फार स्वच्छ दिसतं.

मशीन खोटं बोलते तेव्हा

आधी मायनिंग म्हणजे काय ते थोडक्यात. प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटचं एक शीर्षक असतं. त्यात शेवटी एक रिकामी जागा असते, तिथे एक आकडा भरायचा. हा आकडा म्हणजे नॉन्स. मग त्या शीर्षकावर एसएचए-२५६ हे गणित दोनदा करायचं. येणारं उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल तर ब्लॉक तुमचा. नसेल तर आकडा बदला आणि पुन्हा करा. नॉन्ससाठी सुमारे ४२९ कोटी शक्यता असतात आणि बहुतेक वेळा त्या सगळ्या संपूनही हाती काही लागत नाही. मग ब्लॉकमधलं दुसरं काहीतरी किंचित बदलून पुन्हा शून्यापासून सुरुवात.

१,००,२५८ का निवडला, हेही यावरून कळतं. बोर्ड शून्यापासून मोजत वर जातो. ४२९ कोटींच्या पल्ल्यात एक लाखावरचं उत्तर अगदी दारातच सापडतं. परीक्षा लवकर आटोपते.

शोधायला अब्जावधी प्रयत्न लागतात, पण सापडलेलं उत्तर तपासायला एकच गणित पुरतं. सीजीमायनर याचाच फायदा घ्यायचं. २०११ मध्ये ते लिहिलं कॉन कोलिवास या ऑस्ट्रेलियन माणसाने. हा व्यवसायाने भूलतज्ज्ञ, पण लिनक्सच्या शेड्युलरवर केलेल्या कामामुळे प्रोग्रामर लोकांत आधीपासून नावाजलेला. ऑपरेशन टेबलावरचा रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही, त्याच्याबद्दल पडद्यावरचे आकडे बोलतात. सीजीमायनरचा काळा पडदा बघताना मला हे हटकून आठवतं.

त्या पडद्यावर तीन आकडे महत्त्वाचे. 'ए' म्हणजे पूलने स्वीकारलेली उत्तरं. 'आर' म्हणजे नाकारलेली. आणि 'एचडब्ल्यू' म्हणजे हार्डवेअरच्या चुका: चिप म्हणाली "सापडलं", सॉफ्टवेअरने तेच गणित स्वतः करून पाहिलं, आणि उत्तर चूक निघालं.

बिघाड शोधणाऱ्याला या तीन आकड्यांवरून दिशा मिळते. 'आर' वाढत असेल तर बहुधा उत्तरं उशिरा पोचताहेत, तोवर जग पुढच्या ब्लॉकवर गेलेलं आहे. इंटरनेट बघा, पूल बघा. 'एचडब्ल्यू' वाढत असेल तर चिपला झेपत नाहीये. ती तापली आहे, किंवा जास्त वेगाच्या लोभाने तिची फ्रिक्वेन्सी ताणली आहे, किंवा व्होल्टेज कमी पडतंय. अशा वेळी वेग थोडा उतरवला की कमाई वाढते, कारण चुकीच्या उत्तरांचे पैसे कुणी देत नाही. आणि तिन्ही आकडे जागेवरच थिजले असतील तर आधी वायर आणि पॉवर सप्लाय तपासा.

पुढे २०१३ पासून फक्त याच कामासाठी बनवलेल्या एसिक चिप आल्या. २०१६ च्या अँटमायनर एस-९ मध्ये तीन बोर्ड असायचे आणि प्रत्येक बोर्डावर ६३ चिप. या चिप गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या. संदेश एका चिपमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो. मध्येच एक मेली की पुढच्यांपर्यंत हाक पोचत नाही. म्हणून दुरुस्ती करणारा पहिला प्रश्न विचारतो: ६३ पैकी किती जणींनी ओ दिली? मग मल्टिमीटर घेऊन सिग्नल कुठपर्यंत येतोय ते चिपगणिक मोजत जातो. वेळखाऊ काम, पण सरळ. बरोबर काय, हे आधीच माहीत असतं.

सॉफ्टवेअरचं तसं नसतं.

पहिला प्रसंग: बेरीज

१५ ऑगस्ट २०१०. बिटकॉइन सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच असणार नाहीत, हा त्याचा मूळ नियम. त्या दिवशी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार आला आणि त्यातून सुमारे १८,४४७ कोटी बिटकॉइन जन्माला आले.

कसे? व्यवहारात पैसे जाणाऱ्या दोन वाटा होत्या आणि प्रत्येकीवर ९,२२३ कोटींहून जास्त बिटकॉइन. कोडमध्ये तपासणी होती की रक्कम ऋण नसावी. दोन्ही रकमा धन होत्या. पास. दुसरी तपासणी अशी की बाहेर जाणारी एकूण रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त नसावी. इथे दोन रकमांची बेरीज ६४ बिटच्या खणात मावेना. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतं तशी ती बेरीज उलटली आणि उत्तर आलं शून्याहून किंचित कमी. ऋण रक्कम अर्थातच आत आलेल्या अर्ध्या बिटकॉइनपेक्षा लहान. पास.

प्रत्येक तपासणी आपापल्या जागी बरोबर होती. "बेरीजच चुकली तर?" हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

काही तासांत सातोशी नाकामोतोने दुरुस्त आवृत्ती ०.३.१० दिली. पण कोड बदलून झालेली साखळी बदलत नाही. मायनरांनी नवी आवृत्ती चढवून, तो ब्लॉक नाकारून, त्याच्या आधीपासून साखळी पुन्हा बांधायला घेतली. ७४,६९१ व्या ब्लॉकला ही चांगली साखळी वाईट साखळीच्या पुढे गेली आणि ते हजारो कोटी बिटकॉइन नाहीसे झाले. हे जमलं, कारण खेळ अजून लहान होता.

दुसरा प्रसंग: कुलुपं

२०१३ पर्यंत तो लहान राहिला नव्हता. त्या फेब्रुवारीत आवृत्ती ०.८ आली. तिच्यात आतला डेटाबेस बदलला होता, बर्कले डीबी जाऊन लेव्हल डीबी. नियम तेच, फक्त वेग जास्त. निदान समज तसा होता.

११ मार्चच्या रात्री, म्हणजे भारतात १२ मार्च उजाडत असताना, २,२५,४३० क्रमांकाचा एक ब्लॉक आला. त्यातल्या व्यवहारांच्या इनपुटांची संख्या तोवरच्या कुठल्याही ब्लॉकपेक्षा जास्त होती. ०.८ ने तो सहज पचवला. ०.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्या अनेक संगणकांनी नाकारला. बर्कले डीबी नोंदी बदलताना त्यांना तात्पुरती कुलुपं लावतो. एका वेळी किती कुलुपं लावायची याला मर्यादा होती आणि या ब्लॉकला त्याहून जास्त लागत होती. ही मर्यादा बिटकॉइनच्या नियमांत कुठेच लिहिलेली नव्हती. डेटाबेसच्या एका सेटिंगमधून ती नकळत नियम होऊन बसली होती.

साखळी दुभंगली. एकाच पैशाचे दोन इतिहास सुरू झाले.

चाचणी केली नव्हती का? केली होती. सरावासाठी 'टेस्टनेट' नावाचं वेगळं जाळं २०१० पासून होतं. तिथली नाणी बिनकिमतीची असावीत अशी अपेक्षा. गंमत म्हणजे लोक तीही खऱ्या पैशांत विकू लागले, म्हणून ते जाळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं. या टेस्टनेटवर नियमात बसणारे सर्वांत मोठे ब्लॉक चालवून पाहिले होते आणि ते व्यवस्थित चालले होते. आकाराने त्याहून लहान ब्लॉकला जास्त कुलुपं लागू शकतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यात जड गाडी पुलावरून नेऊन पाहिली, पण पूल मोडला चाकांच्या संख्येने.

आता काय करायचं? नवी आवृत्ती उघडच सरस होती आणि मायनिंगची सुमारे ६० टक्के ताकद तिच्याच बाजूला होती. पण ०.८ ला दोन्ही साखळ्या चालत होत्या, जुन्यांना एकच. जगभरातले जुने संगणक एका रात्रीत अद्ययावत करणं अशक्य होतं. मोजक्या मोठ्या पूलना मागे नेणं शक्य होतं. म्हणून डेव्हलपरांनी पूल चालवणाऱ्यांना विनंती केली: ०.७ वर परत जा.

याचा अर्थ, तुम्ही नियमाने मिळवलेले ब्लॉक सोडून द्या. तेव्हा प्रत्येक ब्लॉकला २५ बिटकॉइन मिळत. बीटीसी गिल्ड आणि स्लश या दोन पूलनी ते मान्य केलं आणि आपले संगणक मागच्या आवृत्तीवर नेले. काही तासांत जुनी साखळी पुढे गेली आणि नव्या साखळीवरचे २४ ब्लॉक रद्द झाले. मधल्या वेळात एकाने तेच पैसे दोनदा खर्च करून दाखवले. त्याला चोरी करायची नव्हती, हे खरंच शक्य आहे का एवढंच बघायचं होतं. शक्य होतं.

बिटकॉइनवर कुणाचाही विश्वास ठेवावा लागत नाही, असं त्याचे चाहते सांगतात. त्या रात्री ते उभं राहिलं ते काही माणसांनी एकमेकांशी बोलून, स्वतःचं नुकसान सोसून घेतलेल्या निर्णयावर. ही गोष्ट मला त्या २५ बिटकॉइनपेक्षा मोलाची वाटते.

तिसरा प्रसंग: न तपासणं

पहिल्या दोन प्रसंगांत चाचणीचा प्रश्न चुकला होता. तिसऱ्यात प्रश्न तयार होता, पण तो विचारायचा कुणी कंटाळा केला.

दुसऱ्याचा ब्लॉक आला की तो पूर्ण तपासून मगच त्याच्यापुढे काम सुरू करायचं, हा शिरस्ता. पण तपासणीत वेळ जातो, आणि तेवढा वेळ कोट्यवधी रुपयांच्या मशीन रिकाम्या फिरतात. म्हणून काही मोठ्या पूलनी न तपासताच पुढचं काम सुरू करायला सुरुवात केली. समोरच्याने बरोबरच केलं असणार, हे गृहीत.

४ जुलै २०१५ ला सह्यांच्या नोंदीबाबतचा एक कडक नियम लागू झाला. शेवटच्या १,००० पैकी ९५० ब्लॉकनी संमती दर्शवली की तो लागू व्हायचा होता, आणि तसंच झालं. उरलेल्या पाच टक्क्यांतल्या एका लहान पूलने जुन्या पद्धतीचा, म्हणजे आता अवैध असलेला, ब्लॉक काढला. तेवढ्याने काही बिघडायला नको होतं. पण न तपासणाऱ्यांनी त्याच्यावर ब्लॉक चढवले, आणि त्यांच्यावर आणखी कुणी. सहा ब्लॉकची अवैध साखळी तयार झाली. ती वाया गेली. मोठ्या मायनरांचं मिळून ५०,००० डॉलरहून अधिक उत्पन्न बुडालं.

यातल्या अनेकांनी नव्या नियमाला संमती दिली होती. नियम पाळतो असं म्हटलं होतं, तो पाळला जातोय का हे पाहिलं मात्र नव्हतं.

हिरवी खूण

मी रोजच्या कामात टेस्ट लिहितो. सगळ्या टेस्टपुढे हिरवी खूण आली की कोड पुढे जातो, आणि शुक्रवारी संध्याकाळी ती खूण बघून बरं वाटतं. पण माझी प्रत्येक टेस्ट हा एक गोल्डन नॉन्सच असतो. प्रश्न मी घातलेला, उत्तर मला आधीच ठाऊक. चिप मेली आहे का, वायर निघाली आहे का, कालचं आज मोडलं आहे का, एवढं ती छान सांगते. बेरीज उलटेल, कुलुपं संपतील, हे ती सांगू शकत नाही, कारण ते मला सुचलेलंच नसतं.

म्हणून हे तीन प्रसंग मी मधूनमधून वाचतो. २०१० नंतर रकमेच्या मर्यादेची तपासणी कोडमध्ये आली. २०१३ नंतर डेटाबेसच्या सेटिंगकडे नियम म्हणून बघायची सवय लागली. प्रत्येक मोडतोडीने चाचण्यांच्या यादीत एका प्रश्नाची भर घातली. ती यादी म्हणजे आधीच्या माणसांना पडलेल्या कोड्यांची वही आहे. तिच्यातलं शेवटचं पान नेहमी कोरं असतं, आणि हिरवी खूण त्या पानाबद्दल काहीच बोलत नाही.

इकॅरस बोर्ड केव्हाच अडगळीत गेले. कुणी त्यातला एखादा आज जोडला आणि तो धड असला, तर अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर येईल: एक लाख दोनशे अठ्ठावन्न. बरोबर. आता पुढचा प्रश्न आपला.