हॅलोविनची रात्र आणि उत्तर नसलेले प्रश्न (थ्रेड)

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी हॅलोविनचा कार्यक्रम असला, की भोपळ्याचे कंदील, भुताखेतांचे मुखवटे आणि गोळ्या-चॉकलेटांच्या जोडीला एक प्रश्नमंजूषा हमखास असते. प्रश्नही बहुतेक ठरलेले. भोपळ्याच्या आधी कंदील कशाचा करीत? पाण्यातले सफरचंद दातांनी पकडण्याचा खेळ कोणत्या रोमन देवतेच्या पूजेतून आला? ‘साविन’ हा कोणाचा देव होता? शेवटच्या प्रश्नाचे छापील उत्तर ‘मृतांचा’ असे असते. बरोबर उत्तराला एक गोळी मिळते आणि उत्तर मुलाच्या डोक्यात कायमचे बसते.

या तिन्हींपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाला मान्य आहे.

उरलेली दोन उत्तरे मुलांच्या खेळात कशी शिरली, हे कळण्यासाठी आधी त्या खेळांकडेच पाहावे लागते. कारण हॅलोविन ही फार पूर्वीपासून प्रश्न विचारण्याचीच रात्र आहे. मात्र त्या जुन्या प्रश्नांची उत्तरे कुठे छापलेली नसत. लग्न होईल का? कोणाशी? संसार टिकेल का? आणि पुढच्या वर्षी या शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी कोण नसेल?

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ‘साविन’ हे आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचे नाव. (रोमन लिपीत हा शब्द ‘सामहेन’ असा वाचला जाण्याजोगा लिहितात, उच्चार मात्र तसा नाही.) गेलिक लोकांच्या जुन्या कालगणनेत १ नोव्हेंबरला हिवाळा सुरू होई, उन्हाळी कुरणांवरची गुरे खाली आणली जात आणि अंधाराचे दिवस लागत. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने रोममध्ये सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ अर्पण केले आणि ८३५च्या सुमारास हा दिवस फ्रँक साम्राज्यात सर्वत्र पाळला जाऊ लागला. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस नेमला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणजे ‘हॅलो-ईव्हनिंग’. त्याचेच पुढे हॅलोविन झाले.

त्या रात्री घराघरांत नेमके काय चाले, याचे पहिले तपशीलवार वर्णन एका शेतकऱ्याने करून ठेवले आहे. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा कवी. १७८५ साली त्याने ‘हॅलोविन’ ही दीर्घ कविता लिहिली आणि पुढच्या वर्षी ती त्याच्या पहिल्याच संग्रहात छापली गेली. कवितेइतक्याच मोलाच्या आहेत त्याने खाली जोडलेल्या टिपा. शहरी वाचकांना या चालीरीती ठाऊक नसतील, म्हणून प्रत्येक खेळाचा विधी त्याने समजावून दिला आहे.

पहिला खेळ परसातला. तरुण मुले-मुली डोळे मिटून, हातात हात घालून अंधारात बाहेर पडत आणि कोबीच्या जातीच्या केल या भाजीचे हाती लागेल ते रोप उपटून आणत. रोप उंच की ठेंगणे, सरळ की वाकडे, यावरून भावी जोडीदाराचा बांधा ठरे. मुळाला चिकटलेली माती म्हणजे लग्नात मिळणारे धन. देठाचा गाभा चाखून पाहिला, की जोडीदाराचा स्वभाव गोड की कडू हे कळे. दुसरा खेळ चुलीजवळचा. दोन हेझलनट निखाऱ्यांवर ठेवायचे, एकाला मुलाचे नाव, दुसऱ्याला मुलीचे. दोन्ही शेजारी शेजारी शांतपणे जळाले तर संसार सुखाचा. एक तडकून उडाले तर प्रेम फिसकटले.

आज हे वाचताना गंमत वाटते. पण ज्या शेतकरी घरांत मुलीचे लग्न म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्याचा एकुलता एक मोठा निर्णय असे आणि तो तिच्या हातात फारसा नसे, तिथे निखाऱ्यावरून उडालेले एक फळ साऱ्या घरासमोर काय काय बोलून जात असेल!

आरशाचा खेळ तर एकट्यानेच खेळायचा. मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या खोलीत जायचे, आरशासमोर उभे राहून सफरचंद खायचे, आणि भावी नवऱ्याचा चेहरा आपल्या खांद्यावरून डोकावताना दिसतो का ते पाहायचे. बर्न्सच्या कवितेतली लहानगी जेनी आजीला सोबत चल म्हणून विनवते. आजी संतापते. असल्या खेळात घाबरून जन्मभर भ्रमिष्ट होऊन मेलेली माणसे तिने ऐकलेली असतात. बर्न्स हसत हसत लिहितो, तरी आजीचा राग खरा आहे. हा खेळ मुलांचा नव्हे, असे बजावणारी ही म्हातारी पुढच्या दीडशे वर्षांतल्या अनेक शिक्षिकांची आणि नगरपालिकांची पूर्वज म्हणता येईल.

तीन भांड्यांचा खेळही बर्न्सने नोंदवला आहे. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात गढूळ, तिसरे रिकामे. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या तरुणाने डावा हात ज्यात बुडवला त्यावर निकाल: स्वच्छ पाणी म्हणजे कुमारिकेशी लग्न, गढूळ म्हणजे विधवेशी, रिकामे भांडे म्हणजे लग्नच नाही. एकदा नव्हे, तीनदा भांड्यांच्या जागा बदलून हे करायचे.

आयर्लंडमध्ये याच खेळाचे एक कठोर रूप होते. बश्यांमध्ये अंगठी, पाणी, प्रार्थनापुस्तक, आणि एकीत माती. अंगठी म्हणजे लग्न, पाणी म्हणजे परदेशगमन, पुस्तक म्हणजे मठातले आयुष्य. माती म्हणजे वर्षाच्या आत मृत्यू.

जेम्स जॉइस याच्या १९१४ सालच्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहात ‘क्ले’ नावाची कथा आहे. धुण्याच्या कारखान्यात काम करणारी, लग्न न झालेली, वय उतरलेली मरिया हॅलोविनच्या रात्री ओळखीच्या कुटुंबात जाते. मुले तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. तिच्या बोटांना काहीतरी मऊ, ओलसर लागते. खोलीत शांतता पसरते, कुजबूज होते, घरची बाई शेजारच्या मुलीवर डाफरते आणि ते ताबडतोब बाहेर टाकायला सांगते. मरियाला पुन्हा खेळायला लावतात. या वेळी हाती प्रार्थनापुस्तक येते. हाताला काय लागले होते, हे कथेत कुणीच उच्चारत नाही. मातीचे नाव केवळ शीर्षकात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा खेळ मुलांच्या हाती आला होता, आणि तरीही मोठ्यांना त्याचे उत्तर सोसत नव्हते. संक्रमणाचा तो क्षण याहून नेमका कुठल्या इतिहासग्रंथातही सापडणार नाही.

भविष्याशी संबंध नसलेले खेळही अर्थात होते. चित्रकार डॅनियल मॅक्लीस १८३२ साली कॉर्कजवळच्या ब्लार्नी गावी अशा एका मेळाव्याला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हे चित्र रंगवले. छताला टांगलेल्या आडव्या काड्यांवर सफरचंदे आणि पेटत्या मेणबत्त्या आहेत. काड्या फिरत असताना हात न लावता सफरचंदाचा चावा घ्यायचा. चुकले तर ओठ भाजणार किंवा केस पेटणार! चित्रात वाद्ये आहेत, नाच आहे, म्हातारे आहेत, पोरे आहेत. सारे गाव एका छताखाली.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले. सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. त्यांतली बहुसंख्य अमेरिकेत. हे लोक सोबत हॅलोविनही घेऊन गेले. सलगम कोरून केलेले कंदील अमेरिकेत भोपळ्याचे झाले, कारण तिथे भोपळा मुबलक, मोठा आणि कोरायला सोपा होता. (आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधील सलगमाच्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. आजच्या हसऱ्या भोपळ्यापुढे तो चेहरा खरोखर भेसूर वाटतो.)

अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांनी या खेळांतली माती आणि मृत्यू वगळले, प्रेम तेवढे ठेवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या शुभेच्छापत्रांवर मेणबत्ती आणि आरसा घेतलेली तरुणी वारंवार दिसते. तिच्या चेहऱ्यावर भीती नाही, लाज आहे. मग व्यापार आला. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन ही क्रेप कागद विकणारी कंपनी. तिने १९०९ साली हॅलोविनच्या सजावटीची, पोशाखांची आणि खेळांची पुस्तिका काढली. पुस्तिकेतल्या प्रत्येक कल्पनेला कागद भरपूर लागे, हे सांगायला नकोच.

घराबाहेर मात्र वेगळेच चालले होते. त्या रात्री पोरांच्या टोळ्या फाटके काढून पळवीत, शौचालयांच्या टपऱ्या उलथवीत, खिडक्यांना साबण फासत, रस्त्यावरचे दिवे फोडत. खेड्यात जी खोडी खपून जाई, ती शहरात नासधूस ठरू लागली. मिनेसोटातील अनोका या गावात गुरे मोकळी सोडून मुख्य रस्त्यावर हाकलण्याची प्रथा पडली होती. तिला कंटाळून गावकऱ्यांनी १९२० साली मुलांसाठी मिरवणूक काढली. महामंदीच्या १९३०च्या दशकात उपद्रव वाढला, तशी शाळा, क्लब आणि नगरपालिका यांनी हीच युक्ती उचलली: मुलांना त्या रात्री दिव्यांखाली, मोठ्यांच्या नजरेसमोर आणि खेळात गुंतवून ठेवायचे. मुलांची हॅलोविन पार्टी ही अशी बऱ्याच अंशी बंदोबस्तातून जन्माला आली. दारोदार गोळ्या मागण्याची ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही चालही याच काळात पसरली. साखरेचे युद्धकालीन नियंत्रण १९४७ साली उठल्यावर तिने देश व्यापला.

प्रश्नमंजूषा या पार्टीत सर्वांत उशिरा आलेली पाहुणी. १९३६ साली अमेरिकन रेडिओवर ‘प्रोफेसर क्विझ’ सुरू झाले, १९४० साली ‘क्विझ किड्स’मध्ये मुले उत्तरे देऊ लागली. १९७९ साली माँट्रियलमध्ये दोन पत्रकारांनी ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा खेळ कल्पिला आणि कार्डावर छापलेला प्रश्न घरोघरी पोहोचला. मुलांच्या पार्टीला हे फार सोयीचे होते. मेणबत्ती नाही, पाणी सांडणे नाही, कोणाच्या नशिबी काय आहे याची धास्ती नाही. उत्तर आधीच ठरलेले.

फक्त ते ठरवले कोणी?

साविनला देव बनवण्याचे श्रेय बहुतांशी चार्ल्स व्हॅलन्सी या ब्रिटिश लष्करी अभियंत्याकडे जाते. अठराव्या शतकात तो आयर्लंडच्या मोजणीसाठी नेमला गेला आणि तिथल्या भाषेच्या प्रेमात पडला. दुर्दैवाने प्रेम जितके मोठे, तितके ज्ञान नव्हते. आयरिश भाषेचे मूळ तो फिनिशियन आणि पौर्वात्य भाषांत शोधत असे. साविन म्हणजे केवळ ऋतूचे नाव, असे सांगणाऱ्या आयरिश विद्वानांना त्याने चूक ठरवले आणि तो एक देव असल्याचे प्रतिपादन केले. कलकत्त्यात १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे विल्यम जोन्स त्याला ओळखत. आयर्लंडच्या प्राचीन इतिहासावरचा त्याचा ग्रंथ वाचून जोन्स यांनी खासगी पत्रात त्याची यथेच्छ थट्टा केली. पण पत्र खासगी राहिले, ग्रंथ मात्र छापील होता. त्यातला मृत्युदेव एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेला. विसाव्या शतकात या सणाला सैतानी म्हणणाऱ्यांनाही तो आयताच सापडला.

रोमन देवता पोमोना हिची कथाही अशीच. ती फळांची देवता, सफरचंद हे फळ, एवढ्यावर सारा डोलारा उभा आहे. उपलब्ध रोमन पंचांगांत १ नोव्हेंबरला तिचा उत्सव नाही, आणि आयर्लंड तर रोमन साम्राज्यात कधी नव्हतेच. तरीही १९१९ साली ग्रंथपाल रूथ एडना केली यांनी लिहिलेल्या ‘द बुक ऑफ हॅलोविन’ या अमेरिकेतल्या पहिल्या सविस्तर ग्रंथात पोमोनाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. पार्टीसाठी माहिती शोधणाऱ्या शिक्षिकेने आणखी कुठे पाहावे? इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या ग्रंथात हे सारे पुरावे तपासले. ख्रिस्तपूर्व काळात साविन हा मृतांचा सण होता, असे दाखवणारा आधारच त्यांना सापडला नाही. मृतांचा संबंध पक्का होतो तो क्लूनीच्या मठातून आलेल्या २ नोव्हेंबरमुळे.

प्रश्नमंजूषेची कार्डे अजून बदललेली नाहीत.

आयर्लंडमध्ये मात्र जुन्या प्रश्नांचा एक अवशेष अजून बाजारात मिळतो. बार्मब्रॅक हा मनुके घातलेला गोडसर पाव. पूर्वी त्यात अंगठी, नाणे, चिंधी आणि काडी भाजत: अंगठीला लग्न, नाण्याला पैसा, चिंधीला दारिद्र्य, काडीला दुःखी संसार. ऑक्टोबरात दुकानांतून येणाऱ्या पावांत आजही एक स्वस्तातली अंगठी असते. चिंधी आणि काडी कोणी घालत नाही.