दप्तरांचे स्थलांतर

राज्याची सीमा कायद्याच्या एका कलमाने बदलते. राज्याचे दप्तर मात्र इतक्या सहजतेने हलत नाही. या दृष्टीने छत्तीसगडचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या प्रदेशाचा कारभार रतनपूरहून चालत असे. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रायपूरला आणले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि रायपूरचे वरिष्ठ दप्तर नागपूरलाच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छत्तीसगड मध्यप्रदेशात राहिले. त्याची राजधानी भोपाळ आणि उच्च न्यायालयाचे मुख्य स्थान जबलपूर ठरले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. राजधानीचा मान रायपूरला, उच्च न्यायालयाचा बिलासपूरला मिळाला.

प्रत्येक वाटणीत प्रश्न एकच होता : कोणता कागद कोणाचा? न्यायालयीन प्रकरणांपुरते २००० च्या पुनर्रचना कायद्याने त्याचे उत्तर दिले. वादाचे कारण कोठे उद्भवले हे व इतर परिस्थिती लक्षात घेऊन जबलपूरच्या मुख्य न्यायमूर्तींनी जी प्रकरणे प्रमाणित करावीत, ती बिलासपूरला जावीत. आधी निवड, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर पाठवणी, असा हा क्रम होय.

आता दप्तर संगणकात असते. परंतु दोन संगणकांना जोडणारी तार नसेल, तर माहितीची संपूर्ण प्रत चकतीवर उतरवून माणसाच्या हातीच न्यावी लागते. तेथेही जुनाच शिरस्ता उपयोगी पडतो. प्रत घेण्यापूर्वी नव्या नोंदी थांबवाव्या लागतात, एरवी नंतरच्या नोंदी मागे राहतात. पोचल्यावर नोंदींची संख्या व मजकूर ताडून पाहावा लागतो आणि मेळ बसेपर्यंत मूळ दप्तर जपावे लागते. शिवाय ते वाचण्याची किल्लीही सोबत हवी. मोडीतील रुमाल सुखरूप पोचले, पण मोडी जाणणारा नसला, तर ते मुकेच राहतात. अक्षरसंकेत व रचना हरवलेल्या संगणकीय नोंदींचीही तीच गत होते.

रायपूरच्या समता कॉलोनीत राहणाऱ्या एखाद्या वृद्ध शासकीय सेवकाची नोकरी नव्या राज्याच्या आधी सुरू झाली असेल, तर त्याच्या निवृत्तिवेतनाचा आधार असलेल्या नोंदी दोन राज्यांच्या काळातील असतात. वाटेत त्यांतील एक ओळ गळाली, तर तिची भरपाई त्या वृद्धाला हेलपाटे घालून करावी लागते. दप्तर हलविणाऱ्याने ताळा पाहायचा तो याच माणसासाठी.