घोडा गाडीत चढला तेव्हा

लग्नसराईत गुलमंडीत नवरदेवाची घोडी चालत येत नाही, पिकअपमधून येते. पैठण गेटकडून येणाऱ्या टिळक पथावर कुठेतरी जागा बघून गाडी उभी राहते, फाळका पडतो आणि घोडी मागच्या मागे उतरते. मग झूल चढते, बँड सुरू होतो. ती इथवर कशी आली, हे वऱ्हाडातलं कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हे शहर घोड्यांच्याच जोरावर उभं राहिलं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, आणि मुघलांना त्याने जेरीस आणलं ते चपळ घोडदळाच्या जिवावर. त्यात मराठा स्वारांचा वाटा मोठा होता. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं भांडवलच बुडालं. आजच्या घोडीवाल्याचं गणित यापेक्षा फार वेगळं नाही. फरक एवढाच, की तेव्हा घोडा माणसाला वाहून न्यायचा. घोड्याला कुणी वाहून न्यायचं नाही.

याला अपवाद होता तो समुद्राचा. दख्खनला चांगले घोडे लागत आणि ते अरबस्तान-इराणकडून जहाजाने येत. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, साधारण १४७० च्या सुमारास, होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि अट घातली : धर्म बदल, नाहीतर घोडा विसर. मध्यस्थी झाली, घोडा परत मिळाला. पण बंदरापासून पुढचा सगळा रस्ता घोड्याने पायीच कापला, हे इथे महत्त्वाचं. जमिनीवर घोडा गाडीत घालायची कल्पना वेडगळच वाटली असती.

ती गाजली इंग्लंडमध्ये, १८३६ साली. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने एलिस नावाचा शर्यतीचा घोडा एका बंद गाडीत घातला. ती गाडी ओढायलाही घोडेच होते! शर्यत डोनकास्टरला, घोडा दूर दक्षिणेत. तो चालत वेळेवर पोचणं अशक्य, असं सगळे धरून चालले होते. एलिस ताजातवाना पोचला आणि सेंट लेजरची शर्यत जिंकला. थोडक्यात, घोडागाडी नव्हे तर घोड्यासाठी गाडी आली ती सट्ट्याच्या पैशापायी. आपल्याकडे आजही मुंबई-पुण्याच्या शर्यतींचे घोडे खास बांधलेल्या गाड्यांतून जातात. वरातीच्या घोडीच्या वाट्याला येतो तो विटा-वाळू वाहणारा हौदा.

पाश्चात्त्य देशांत पिकअपच्या मागे ट्रेलर जोडतात. त्याचं शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर यावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही फरपटत नेतो. गुलमंडीत ट्रेलर वळवून दाखवणाऱ्याला मी हार घालीन. म्हणून इथे घोडा हौद्यातच चढतो.

आता मापं बघा. मोटार वाहन नियमांत जानेवारी २०१६ पासून एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा ठरवून दिली आहे. नऊ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा धरला तर दोन घोडे कागदावर जेमतेम बसतात. वजनाचा प्रश्नच नाही. चारशे किलोचे दोन घोडे म्हणजे आठशे किलो, पिकअप यापेक्षा जास्त सिमेंट नेते. पण सिमेंटची पोती वळणावर पाय फाकवत नाहीत. घोड्याचं वजन उंचावर असतं आणि ते हलतं.

१९७८ चे प्राणी वाहतूक नियम या बाबतीत आश्चर्य वाटावं इतके बारकाईने लिहिलेत. जमीन न घसरणारी हवी, कडेला गादी हवी, दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडवे दांडे, सोबत एक माणूस, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. आणि घोड्याचं तोंड डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, म्हणजे तो बुजणार नाही. हे लिहिणाऱ्याला घोडा कळत होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर ट्रक होता. साडेपाच फुटी हौद्यात घोडा आडवा मावतच नाही. तो उभाच राहतो, तोंड पुढे, मान केबिनच्या वर, आणि वारा, धूळ, समोरच्या गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांत.

डिसेंबरात, दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पूर्वी तिथे जनावरं मुक्काम करत करत पायी जायची. संभाजीनगरहून कन्नड घाट, चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा असं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नियमाच्या वेगाने साडेसहा तास. एवढ्या वेळात मान आखूड बांधलेली असेल तर वेगळाच घात होतो : घोड्याची श्वासनलिका साफ होते ती मान खाली घातल्यावर. तासन्‌तास मान वर राहिली की जंतू फुप्फुसात उतरतात आणि दोन-तीन दिवसांनी ताप भरतो. तोवर सौदा झालेला असतो, आणि दोष नव्या मालकाच्या पाण्याला नाहीतर चंदीला दिला जातो.

उपाय फुकट आहे. घाट उतरल्यावर चाळीसगावच्या अलीकडे गाडी सावलीत लावायची, दोर सैल सोडायचा, खाली थोडं गवत टाकायचं आणि वीसेक मिनिटं घोड्याला मान खाली घालू द्यायची. पाणी पाजायचं. लगेच निघायचं नाही. ड्रायव्हरला चहा घ्यायचाच असतो, त्याने दुसराही घ्यावा.