दुखणे सांध्यांत, कारण पाण्यात

पाठ वाकत नाही, मान वळत नाही, उकिडवे बसता येत नाही. डॉक्टर संधिवात म्हणतात, वेदनाशामक गोळ्या देतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तर ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे ऐकून रोगी घरी परततो. पण नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या तालुक्यांतल्या काही गावांत हीच तक्रार ऐन उमेदीच्या वयात दिसते. शेजारच्या घरातही दिसते. आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. हा फ्लुओरोसिस.

याचा शोध दातांपासून सुरू झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे 1901 साली व्यवसाय सुरू करणाऱ्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला गावातील मुलांचे डागाळलेले दात खटकले. पाण्यावर त्याचा संशय होता; पण नेहमीच्या तपासणीत पाणी निर्दोष ठरे. 1931 साली एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीतील रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा पाण्यात फ्लोराइड सापडले. तीस वर्षे पाणी ‘निर्दोष’ होते, कारण फ्लोराइड कोणी शोधलेच नव्हते!

1937 साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात ताठ झालेल्या पाठीच्या रोग्यांचा संबंध विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइडशी जोडला. जास्तीचे फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठते, हाडे दाट होतात, अस्थिबंधांत चुना साचतो. पुढे कण्यातील पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जूवर दाब येतो.

मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा. नांदेडच्या पूर्व सीमेकडे मात्र ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक उघडे पडतात. त्यांतील खनिजांमधून फ्लोराइड भूजलात उतरते. अशाच खडकांवरील नलगोंडा जिल्हा फ्लुओरोसिससाठी कुप्रसिद्ध आहे. 1956 पर्यंत नांदेड, लातूर आणि नलगोंडा हे एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी बोअर घेतले गेले. त्या पाण्याने पटकी, हगवण यांपासून बचाव झाला, हे विसरता कामा नये. पण जंतू नसलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण ग्रॅनाइटच्या भागात चुकले.

तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली. तिला नलगोंडाचेच नाव मिळाले. राष्ट्रीय फ्लुओरोसिस कार्यक्रम 2008-09 मध्ये सुरू झाला. म्हणजे नेल्लोरच्या शोधानंतर सत्तर वर्षांनी!

मग डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा की नाही? प्रश्न असा विचारणेच चुकीचे. ‘संधिवात’ हे पुष्कळदा दुखण्याचे नाव असते, कारण नव्हे. शंका घ्यायची ती या नावावर. ‘तपासणीत काही नाही’ असे सांगितले, तर ‘तपासले काय?’ असे विचारावे. मात्र प्रत्येक सांधेदुखीचे खापर फ्लोराइडवर फोडणे हीदेखील तितकीच मोठी चूक. पुरावा हवाच: पाण्याची आणि लघवीची तपासणी, हाताच्या हाडांचा क्ष-किरण फोटो.

यात शिक्षकांना बरेच करता येईल. कायमच्या बहुतेक दातांचे एनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते; म्हणून दात ही लहानपणी प्यायलेल्या पाण्याची नोंदवही असते. वर्गातील अनेक मुलांच्या दातांवर पट्टे असतील, तर गावातील प्रत्येक बोअरचे पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर 1.5. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते, हेही मुलांना सांगावे. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईत ‘पाणी आहे का?’ एवढेच विचारले जाणे स्वाभाविक होते. पण ‘पाण्यात काय आहे?’ हा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. ताठलेला कणा औषधाने पुन्हा लवचीक होत नाही. पाणी मात्र वेळेत बदलता येते.