नकाशा कोणत्या तारखेचा?

जूनची सुट्टी जवळ आली की ओळखीच्या आईबाबांकडून एक प्रश्न हमखास येतो : "मुलांना पुलाउ उबीनला सायकलवर नेतोय, नेटशिवाय चालणारं कुठलं मॅप अॅप टाकू?" उत्तरादाखल चारजण चार नावं सांगतात, आणि विचारणारा होता तिथेच राहतो.

मी व्यवसायाने सीए. कुठलाही ताळेबंद हातात आला की आधी वरची ओळ बघायची सवय : "अमुक तारखेअखेर". मग हिशेब कोणी लिहिला, आणि लिहिणाऱ्याला पैसे कोण देतं. नकाशाला हेच तीन प्रश्न विचारा, अॅप निवडणं बरंच सोपं होईल. आता हे उबीनच्या संदर्भात का सांगते, तर त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१७८६ साली जेम्स हॉर्सबर्ग नावाचा तरुण स्कॉटिश खलाशी 'अॅटलस' या जहाजावर होता. बटाव्हियाहून सिलोनकडे जाताना ते जहाज हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटलं, आणि त्याचं खापर फुटलं सदोष नकाशावर. हॉर्सबर्ग वाचला, आणि त्यापुढे त्याने एकच ध्यास घेतला. जिथे जिथे जहाज जाईल तिथली खोली, प्रवाह, खडक, सगळं स्वतः मोजून वहीत उतरवायचं. यातली बरीच वर्षं तो 'अॅना' या मुंबईत बांधलेल्या जहाजावर होता. १८१० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक झाला, आणि त्याने लिहिलेली दिशादर्शक पुस्तकं पुढे कितीतरी वर्षं पूर्वेकडे येणारे कप्तान वापरत राहिले.

१८३६ मध्ये तो गेला, तेव्हा कँटनच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या नावाने दीपगृह बांधायला वर्गणी काढली. (व्यापारी वर्गणी काढतात म्हणजे नुकसान किती होत असेल, बघा.) सिंगापूरच्या पूर्वेला २४ सागरी मैलांवर पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे, तिथे सरकारी सर्वेक्षक जॉन टर्नबुल थॉमसन याने ते उभारलं. पाया १८५० मध्ये, दिवा लागला १८५१ मध्ये. आणि त्यासाठी ग्रॅनाइट कुठून गेला? आपल्या उबीनमधून. त्या काळात हिंदुस्थानातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना सिंगापूरला पाठवत, मुंबई इलाख्यातूनही. १८७३ पर्यंत हे चाललं. उबीनच्या खाणींत दगड फोडायलाही हे कैदी असत. बमबोटीतून उतरल्यावर मुलांना ते मोठे गुळगुळीत धोंडे दाखवाल तेव्हा एवढं जरूर सांगा. शाळेच्या पुस्तकात हे सहसा दोन ओळींत उरकतं.

या खडकाची पुढची गोष्ट तर मला माझ्या धंद्यातलीच वाटते. पेद्रा ब्रांका कोणाचा, यावर सिंगापूर आणि मलेशिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २३ मे २००८ रोजी निकाल सिंगापूरच्या बाजूने लागला. मुख्य भर १९५३ च्या एका पत्रावर होता, ज्यात जोहोरच्या अधिकाऱ्याने आपला मालकीहक्क नसल्याचं लिहून दिलं होतं. पण न्यायालयाने आणखी एक गोष्ट लक्षात घेतली : १९६२ ते १९७५ या काळात मलेशियाच्याच बाजूने छापलेल्या नकाशांवर त्या खडकाखाली सिंगापूरचं नाव होतं. स्वतःच्याच वहीतली नोंद स्वतःवर उलटली!

आता खिशातल्या नकाशाकडे येते. पहिला गैरसमज काढून टाका : जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, जसं जहाज दीपगृहाचा दिवा बघतं. त्याचं बिल येत नाही. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर अमेरिकेने ही लष्करी यंत्रणा सर्वांना खुली करायचं जाहीर केलं. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, साधारण १०० मीटरपर्यंत. मे २००० मध्ये ती काढली, आणि मगच जीपीएस गल्लीबोळात वापरण्याजोगं झालं. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणण्यासाठी. ते घरीच उतरवून ठेवलं की काम झालं. नेट नसताना फोनला पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात, तेव्हा जेट्टीवर मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबा.

नकाशा लिहितं कोण? गूगल मॅप्स २००५ चं, कंपनीचं. त्याच्या एक वर्ष आधी इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला होता, कारण तिथल्या सरकारी सर्वेक्षणाची माहिती लोकांना विकत घ्यावी लागत होती. हा नकाशा स्वयंसेवक काढतात, आणि तो कोणीही वापरू शकतं. २०११ मध्ये त्यावर मॅप्सविथमी हे अॅप आलं, पुढे त्याचं नाव मॅप्स डॉट मी झालं. २०१४ मध्ये ते रशियाच्या मेल डॉट आरयूने घेतलं, २०२० मध्ये पुन्हा विकलं. मग मूळ मंडळींनी जुना खुला कोड घेऊन ऑरगॅनिक मॅप्स काढलं, देणग्यांवर चालणारं, जाहिराती नसलेलं. २०२५ मध्ये कारभाराच्या वादातून त्यातूनही कोमॅप्स वेगळं झालं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी भाच्याने सुचवलेलं अॅप आज तेच राहिलंय असं धरून चालू नका. मालक बदलला की हिशेबाची पद्धतही बदलते.

उबीनसाठी माझं मत स्पष्ट आहे. गूगलवर भाग उतरवता येतो, पण नेट नसताना ते गाडीचा रस्ता सांगतं, चालण्याचा किंवा सायकलचा नाही. आणि उबीनवर आपण दुसरं करतो काय? शिवाय उतरवलेला भाग वेळोवेळी ताजा करावा लागतो, नाहीतर निघून जातो. ऑरगॅनिक मॅप्स किंवा कोमॅप्सवर पायवाटा दिसतात आणि चढ दाखवणाऱ्या समोच्च रेषाही, म्हणजे पुआका टेकडीवर धाकटीला सायकल ढकलावी लागणार का ते आधीच कळतं. ऑसमअँड जास्त ताकदवान, पण मेनू बघून सासूबाई फोन परत देतील. फुकट आवृत्तीत नकाशे उतरवायलाही मर्यादा आहे.

तारखेचा प्रश्न उबीनवर खराच आहे. कधी काळी ओढ्यांनी तुटलेले तुकडे कोळंबीच्या तळ्यांच्या बांधांनी जोडले जाऊन आजचं सलग बेट झालं. खाणी १९९९ पर्यंत बंद झाल्या आणि त्यांची तळी झाली, कडे सरळ खाली. चेक जावाचा किनारा भराव टाकून बुजवायचं ठरलं होतं, ते डिसेंबर २००१ मध्ये लांबणीवर टाकलं. तिथला लाकडी मार्ग २००७ चा. जुना नकाशा घेऊन खाणीच्या कडेला गेलात तर धोका मुलांना आहे. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा ताजा करा आणि खाणींची कुंपणं मुलांना पडद्यावर दाखवून ठेवा.

आणि मोबाइल डेटा? चांगीलाच बंद करा. जोहोर समोरच आहे, उत्तर किनाऱ्यावर फोन केव्हा मलेशियाचं नेटवर्क पकडतो ते कळतही नाही. ओळखीच्या एका कुटुंबाला एका रविवारचं रोमिंग बिल बोटीच्या भाड्याच्या कितीतरी पट आलं होतं.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर हेच अॅप घेऊन जा. राज्यवार नकाशे उतरवता येतात. कोकणातल्या आजोळच्या वाडीपर्यंतची शेवटची पाखाडी त्यात नसेल, तर मुलांकडूनच ती ओपनस्ट्रीटमॅपवर भरून घ्या. आजोबांना विचारून, वाडीचं नाव मराठीत लिहून.