एक्सेल फाइल सेव्ह करताना कोणता फॉरमॅट निवडायचा?

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ पॉझिटिव्ह अहवाल दैनंदिन आकडेवारीत आलेच नसल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरत होती. त्या फॉरमॅटमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या. रुग्णांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध काही दिवस उशिरा सुरू झाला.

एक्सेल २००७ पासून एक्सएलएसएक्स हा नवा फॉरमॅट आला. त्यात १०,४८,५७६ ओळी बसतात. सूत्रं, रंग, चार्ट, अनेक शीट असं सगळं टिकतं. रोजच्या कामासाठी हाच निवडावा. समोरच्याचं सॉफ्टवेअर फारच जुनं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आज एक्सएलएसमध्ये सेव्ह करण्याचं काही कारण नाही. फाइलमध्ये मॅक्रो असतील तर मात्र एक्सएलएसएम लागतो, कारण एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो सेव्ह होत नाहीत. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी ओडीएस आहे. हा खुला, आंतरराष्ट्रीय मानक असलेला फॉरमॅट एक्सेलमध्येही उघडतो, फक्त थोडीफार मांडणी इकडची तिकडे होऊ शकते.

खरी फसगत होते ती सीएसव्हीमध्ये. ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक रकान्यामध्ये स्वल्पविराम, बाकी काही नाही. त्यामुळे ती जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि अनेक पोर्टल तीच मागतात. पण सीएसव्ही करताना समोर उघडी असलेली एकच शीट सेव्ह होते. सूत्रं जातात, फक्त उत्तरं उरतात.

त्याहून वाईट म्हणजे आकड्यांचं. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल अंदाज बांधू लागतं. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकातलं शून्य उडतं. १२ अंकी आधार क्रमांक १.२३ई+११ असा काहीतरी दिसू लागतो, आणि तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर मूळ अंक कायमचे जातात. आकडा १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्य येतात. एक्सेल नावांच्या तारखा करतं म्हणून शास्त्रज्ञांना काही जनुकांची नावंच बदलावी लागली: 'मार्च१' हे जनुक आता 'मार्चएफ१' झालं आहे!

यावर उपाय आहे. डबल क्लिक न करता डेटा टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'मधून फाइल आणावी, 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये जाऊन क्रमांकांच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' करावा आणि मगच ती लोड करावी.

मराठी नावं असलेली यादी सीएसव्ही करायची असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साधा सीएसव्ही पर्याय घेतला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत. म्हणून मूळ यादी एक्सएलएसएक्समध्ये ठेवावी, आणि पोर्टलवर चढवण्यापुरती तिची सीएसव्ही प्रत काढावी.