जुहूचे एका दिवसाचे पाहुणे

आपल्या सोसायटीचा इतिहास २५ वर्षांचा. जुहूला फिरायला येणाऱ्यांचा त्याहून कितीतरी जुना. स्मरणिकेत त्यांचीही नोंद असावी म्हणून हा प्रपंच.

जुहू मूळचं बेट. ओहोटीला खाडी चालत ओलांडून इथे येता येई. १८९०च्या दशकात जमशेटजी टाटांनी इथे जमीन घेऊन बंगला बांधला. जुहू तारा भागात १,२०० एकरांवर एकेक एकराचे ५०० प्लॉट आणि समुद्रकाठी हवा खाण्याचं ठिकाण करायचा त्यांचा बेत होता. १९०४ साली ते गेले आणि योजना बारगळली. (मी त्या काळी बँकेत असतो तर हे प्रपोजल नक्की वर पाठवलं असतं!) १९२८ साली विमानतळ झाला, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. गांधीजी १९२४ आणि १९४४ साली सुटका झाल्यावर प्रकृती सुधारायला इथे राहिले.

आम्ही मात्र एका दिवसाचे पाहुणे. १९५९ साली मी नऊ वर्षांचा. गिरगावच्या चाळीतून वडील आम्हा सगळ्यांना घेऊन निघत. चर्नी रोडहून सांताक्रूझ, पुढे बस. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि फिरकीचा तांब्या. भेळ खाल्ली तर परतीच्या बसला पैसे उरत नसत. मग स्टेशनपर्यंत पायी. भेळ आम्ही खायचोच! निघताना एका बंगल्याचे माळीबुवा बागेतल्या नळावर आमचे वाळूचे पाय धुऊ देत.

आता कबुली देतो. मी सेक्रेटरी असताना आपल्या गेटजवळच्या नळावर दर रविवारी अशीच मंडळी येत. तक्रारी आल्या, पाणीही अपुरं होतं. मी नोटीस लावली, ‘नळ फक्त सभासदांसाठी’, आणि कुलूप घातलं. पुढच्याच रविवारी एक गृहस्थ आले, कडेवर लहान मुलगी, तिचे पाय वाळूने भरलेले. नोटीस वाचून काही न बोलता निघून गेले. मी गॅलरीतून बघत होतो. किल्ली खिशातच होती, पण खाली उतरलो नाही.

नंतरच्या जनरल बॉडीत कुलूप काढायचा ठराव मीच मांडला. माझं धरून तीन मतं पडली.

आता बोअरिंगचं पाणी मुबलक आहे. यंदाच्या सभेला तोच ठराव पुन्हा दिला आहे, विषय क्रमांक ७. सभासदांनी शेवटपर्यंत थांबावं, चहाला उठू नये.